ओझोनची भरती आणि उपग्रहाचं घड्याळ

फोनमध्ये वायुदाबमापक असतो हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर आठवडाभर फोन एकाच जागी ठेवला आणि दर दहा मिनिटांनी दाबाची नोंद घेत राहिले. पाऊस नाही, वादळ नाही, हवा अगदी स्वस्थ. तरीही आलेखात रोज दोन उंचवटे दिसत होते. एक सकाळी दहाच्या सुमारास, दुसरा रात्री दहाच्या सुमारास. पहाटे चार आणि दुपारी चारच्या आसपास खळगे. आधी वाटलं, सेन्सर बिघडलाय. मग वाटलं, खोलीतल्या उकाड्याचा परिणाम असेल. पण उकाडा दिवसातून एकदाच चढतो, दोनदा नाही.

माझ्या प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमना आलेख दाखवला तर त्या हसल्या. "अगं, ही हवेची भरती-ओहोटी. आणि ती तुझ्या फोनपर्यंत पोचवण्यात ओझोनचा मोठा हात आहे. तुला विषय हवाय ना? मग प्रश्न उलटा करून घे. ओझोन ही लाट उठवतो हे माहीत आहे. लाट वर गेल्यावर ओझोनचं काय करते ते सांग."

पुढची अडीच वर्षं त्या एका प्रश्नात गेली. त्यातला निम्मा काळ ओझोन समजून घेण्यात नाही, तर ज्या उपग्रहाच्या डोळ्यांनी मी त्याच्याकडे बघत होते त्या उपग्रहाचं घड्याळ समजून घेण्यात गेला. हे लिहायला बसले ते मुख्यतः त्यासाठी.

भरती म्हटलं की आपल्याला चंद्र आठवतो. हवेवरही चंद्राची ओढ आहे, पण तिने दाबात पडणारा फरक विषुववृत्तावरसुद्धा एक दशांश हेक्टोपास्कलच्या आतच. सूर्यामुळे पडणारा फरक तिथे १ हेक्टोपास्कलच्या पुढे जातो, आणि तो ओढीचा नसून उन्हाचा आहे. खालच्या हवेतली वाफ आणि वरचा ओझोन ऊन शोषतात, हवा तापते, फुगते, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे तो फुगवटा सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत राहतो. ऊन काही साइन वक्रासारखं गोलाईने वाढत-उतरत नाही. ते उगवतं, चढतं, उतरतं आणि रात्रभर गायब असतं. म्हणून या तापण्यात २४ तासांची लाट असते तशीच १२ तासांची असते, ८ तासांचीही असते.

पण मग जमिनीवर १२ तासांची लाट मोठी का? या प्रश्नाने लॉर्ड केल्व्हिनना १८८२ मध्ये गाठलं. त्यांनी सुचवलं की वातावरणाचा स्वतःचा नैसर्गिक झोका १२ तासांच्या जवळपास असावा, आणि म्हणून ती लाट फुगत असावी. कल्पना इतकी देखणी होती की साठ-सत्तर वर्षं टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतर रॉकेटांनी वरच्या हवेचं तापमान मोजलं आणि तो झोका त्या तापमानात बसेना. उलगडा झाला १९६० च्या दशकात, बटलर आणि स्मॉल यांच्या आणि पुढे रिचर्ड लिंडझेन यांच्या कामातून. ओझोन ऊन शोषतो तो पट्टा चांगला जाडजूड, कित्येक किलोमीटर उंचीचा आहे. १२ तासांच्या मुख्य लाटेची उभी लांबी, म्हणजे एका शिखरापासून वरच्या पुढच्या शिखरापर्यंतचं अंतर, १०० किलोमीटरपेक्षा जास्त असल्यामुळे त्या सगळ्या पट्ट्याचा धक्का तिला एकाच बाजूने बसतो. २४ तासांच्या लाटेची उभी लांबी जेमतेम २५ ते ३० किलोमीटर. त्याच पट्ट्यात ती एका थरात वर तर दुसऱ्या थरात खाली असते, आणि धक्के एकमेकांना खाऊन टाकतात.

हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी फोनवरचे दोन उंचवटे परत उघडून बघितले. दहा वाजताचा तो चढ ४५ किलोमीटरवरच्या ओझोनची सावली होती म्हणायची.

पण मला जायचं होतं आणखी वर, मध्यांबराच्या (मेसोस्फिअरच्या) माथ्याशी, ८० ते १०० किलोमीटरच्या पट्ट्यात. लाट वर जाते तशी हवा विरळ होत जाते, आणि तीच ऊर्जा थोडक्या हवेत वाहायची म्हटल्यावर झोका मोठा व्हावाच लागतो. ९५ किलोमीटरवर घनता जमिनीच्या साधारण दहा लाखांश आहे. वाटेत गळती नसती तर झोका हजारपट झाला असता. गळती असते, तरीही विषुववृत्तावर त्या उंचीला २४ तासांच्या लाटेने तापमान दहा-वीस केल्विन वर आणि तेवढंच खाली जातं. विषुवदिनांच्या आसपास लाट जोरात, दक्षिणायन-उत्तरायणाच्या टोकांना मंद. तिथे ओझोनचाही एक दुय्यम थर आहे. आपण शाळेत शिकतो तो ओझोनथर स्थितांबरातला (स्ट्रॅटोस्फिअरमधला). हा त्याच्या कितीतरी वरचा, मोजकाच, आणि रात्री फुलणारा.

मोजणी होती टाइम्ड नावाच्या उपग्रहावरच्या सेबर या उपकरणाची. ७ डिसेंबर २००१ रोजी उडालेला उपग्रह, कक्षा सुमारे ६२५ किलोमीटरवर, विषुववृत्ताशी ७४ अंश कललेली. सेबर सरळ खाली बघत नाही. ते पृथ्वीच्या कडेकडे तिरकं बघतं आणि हवेच्या थरांतून निघणारं इन्फ्रारेड दहा पट्ट्यांमध्ये मोजतं. तापमानासाठी कार्बन डायऑक्साइडची १५ मायक्रॉनची पट्टी, ओझोनसाठी ९.६ मायक्रॉनची. दिवसाला सुमारे पंधरा प्रदक्षिणा आणि प्रत्येक प्रदक्षिणेची वेगळी फाइल. वीस वर्षांच्या फाइली उतरवायलाच किती दिवस गेले ते सांगण्यात अर्थ नाही.

पहिला आलेख काढला तेव्हा ओझोन उणे निघाला. नुसता उणे नाही, शेकड्यांनी उणे. जिथे मोजणी झालेली नाही तिथे फाइलमध्ये −९९९ भरून ठेवतात, आणि मी इमाने इतबारे त्याचीही सरासरी काढली होती. हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या हातून एकदा होतं असं म्हणतात. माझ्या हातून तीनदा झालं.

मॅडमच्या सल्ल्याने सुरुवात खालून केली. "मध्यांबराचा ओझोन लहरी आहे. आधी स्थितांबरात हात बसव." म्हणून ४५ किलोमीटर, ४० अंश अक्षांश. पद्धत पुस्तकी होती. एका अक्षांशावरच्या सगळ्या मोजण्या स्थानिक सौर वेळेप्रमाणे मांडायच्या, त्यात एक स्थिर सरासरी आणि २४, १२, ८ तासांच्या लाटा बसवायच्या, आणि किमान वर्ग पद्धतीने, म्हणजे वक्र ठिपक्यांच्या शक्य तितका जवळून नेऊन, प्रत्येक लाटेचा आयाम (झोक्याची उंची) आणि शिखराची वेळ काढायची.

इथे उपग्रहाचं घड्याळ येतं. अशा खालच्या कक्षेतला कोणताही उपग्रह एका दिवसात एका अक्षांशावरून दोनच स्थानिक वेळांना जातो, एकदा चढत्या वाटेवर आणि एकदा उतरत्या. ऑरासारखे सूर्याशी जुळवलेले उपग्रह तर वर्षानुवर्षं त्याच दोन वेळांना जातात. ऑरा बरीच वर्षं जायचा तो दुपारी पावणेदोनच्या सुमारास आणि रात्री तेवढ्याच वाजता. चोवीस तासांचं चित्र दोन क्षणांतून कसं काढणार? टाइम्डची कक्षा मात्र सूर्याच्या तुलनेत रोज सुमारे १२ मिनिटांनी सरकते. ६० दिवसांत दोन्ही वाटा मिळून चोवीस तासांचा फेरा पुरा करतात, भर दुपारचा थोडा तुकडा सोडून, कारण तेव्हा सूर्य उपकरणाच्या नजरेच्या फार जवळ येतो. म्हणून सगळे ६० दिवसांची खिडकी घेतात. मीही घेतली.

आणि काय सुंदर लाट निघाली! १२ तासांची, तीन टक्क्यांच्या आसपास आयाम, ठिपके वक्रावर मोत्यांसारखे ओवलेले. मला वाटलं, हा प्रबंधाचा पहिला अध्याय झाला. बाकीचे महिने चालवले, बारा चित्रं एका पानावर लावली, छापली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मार्च-एप्रिलच्या चित्रावर एक बोट ठेवलं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या चित्रावर दुसरं.

"इथे शिखर किती वाजता आहे?"

"साधारण तीन वाजता. पहाटे आणि दुपारी."

"आणि इथे?"

"नऊ वाजता."

"म्हणजे लाट बरोब्बर उलटली. सूर्य वसंतात एका बाजूने तापवतो आणि शरदात दुसऱ्या बाजूने, असं काही आहे का गं?"

मी दोन-तीन कारणं पुढे केली. वाऱ्यांची दिशा ऋतूप्रमाणे पालटते, लाटेच्या वाटेत फरक पडतो, वगैरे. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एक काम कर. एक खोटं आकाश बनव. त्यात भरती नको, दिवस-रात्र नको, काही नको. फक्त ऋतू ठेव. ओझोन रोज थोडाथोडा वाढतोय, बस्स. मग उपग्रह खरोखर ज्या ठिकाणी आणि ज्या वेळी गेला, त्याच जागी त्या खोट्या आकाशात मोजणी कर आणि तुझा प्रोग्राम चालव."

खोटं आकाश बनवायला अर्धा तास लागला. ६० दिवसांत ओझोन १० टक्क्यांनी वाढतो, एवढंच त्यात होतं. प्रोग्राम चालवला. समोर आली १२ तासांची लाट, आयाम ३.२ टक्के, ठिपके मोत्यांसारखे. भरती नसलेल्या आकाशातून भरती निघाली होती, आणि ती माझ्या खऱ्या लाटेशी हुबेहूब जुळत होती.

त्या संध्याकाळी कागदावर चौकटी आखून बसले तेव्हा कुठे उमगलं. चढती वाट ६० दिवसांत १२ तास मागे सरकते, उतरती वाट उरलेले १२ तास. एका दिवशीच्या दोन्ही मोजण्या एकमेकींपासून सुमारे १२ तासांवर असतात, आणि ऋतूने ओझोन जेवढा वाढवलाय तेवढा दोन्हींत सारखाच असतो. म्हणजे ६० दिवसांतली सरळ चढण स्थानिक वेळेच्या पट्टीवर मांडली की तिचे दोन सारखे तुकडे पडतात, करवतीच्या दोन दात्यांसारखे. दर १२ तासांनी एक दाता. या करवतीत बसणारी १२ तासांची लाट काढली तर तिचा आयाम येतो एकूण चढणीला पाय या संख्येने भागून. दहा भागिले ३.१४. पुस्तकातलं पहिल्या पानावरचं गणित, आणि मी ते प्रबंधाचा अध्याय समजून छापून आणलं होतं. वसंतात ओझोनची चाल एका बाजूला, शरदात उलट, म्हणून दाते उलटे आणि लाटही उलटी.

माझ्या आलेखात ऋतू भरतीचा वेष घालून बसला होता. वाईट याचं वाटलं की चित्र जितकं गुळगुळीत, तितका माझा विश्वास वाढत गेला होता. खरी भरती रोज थोडी बदलते, तिच्या ठिपक्यांत विस्कळीतपणा हवा. ऋतू मात्र संथ असतो, म्हणून त्याचे ठिपके शिस्तीत उभे राहतात. हे मला आधी सुचायला हवं होतं.

सुधारणा करायला चार महिने लागले. खिडकीत सरळ रेषेचं एक पद घालून भागत नाही, कारण ती रेषा आणि १२ तासांची लाट एकमेकींच्या गळ्यात हात घालून येतात आणि आकडे डगमगतात. त्याऐवजी खिडकीच सोडली. अनेक वर्षांच्या मोजण्या एकत्र घेतल्या आणि वार्षिक चक्र, सहामाही चक्र, भरतीच्या लाटा आणि त्या लाटांचा ऋतूप्रमाणे होणारा बदल, सगळं एकाच वेळी बसवलं. उपग्रहाची ६० दिवसांची पाळी वर्षात नेमकी बसत नाही, त्यामुळे त्याच तारखेची स्थानिक वेळ वर्षागणिक हळूहळू सरकते. तेवढ्या सरकण्याने ऋतू आणि घड्याळ यांची गाठ सैल होते. पूर्ण सुटत नाही, पण सैल होते. प्रत्येक आवृत्ती आधी खोट्या आकाशावर चालवायची, तिथे शून्य आलं तरच खऱ्याकडे जायचं, असा नियम करून घेतला.

खरी भरती निघाली ती तुलनेने फिकी. त्या उंचीवर आणि तिच्या थोडं खाली ओझोन दुपारनंतर काही टक्के जास्त असतो. बारा चित्रांचं ते पान मी अजून ठेवलंय.

काही टक्क्यांसाठी एवढा आटापिटा कशाला, असं घरच्यांनी विचारलं होतं. उत्तर असं. ओझोन खाणाऱ्या वायूंवर बंधन घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७ चा. त्यानंतर क्लोरीनयुक्त वायू कमी होऊ लागले आणि वरच्या स्थितांबरातला ओझोन सावरतोय, पण दशकाला एक ते तीन टक्के इतक्या सावकाश. जुन्या उपग्रहांची कक्षा वर्षांमागून वर्षं सरकत जाते. सुरुवातीला दुपारी दोनला मोजणारा उपग्रह पुढे संध्याकाळी मोजू लागतो. त्याने दाखवलेली दोन टक्क्यांची घट किंवा वाढ ओझोनची की घड्याळाची? रोजचा चढउतार ठाऊक असल्याशिवाय हे सांगता येत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००९-१० मध्ये काही महिने चाललेल्या स्माइल्स या जपानी उपकरणाने हा रोजचा चढउतार फार बारकाईने टिपला, कारण स्थानकाची कक्षाही सूर्याशी बांधलेली नाही. माझे आकडे त्याच्या जवळ आले तेव्हा पहिल्यांदा शांत झोप लागली.

मग वर चढले, आणि वर सगळाच खेळ वेगळा होता.

मध्यांबरात दिवसा ओझोनच्या रेणूचं आयुष्य दोन-तीन मिनिटांचं. ऊन त्याला फोडतं, सुटलेला ऑक्सिजन अणू पुन्हा ऑक्सिजनच्या रेणूला चिकटून ओझोन होतो, तो पुन्हा फुटतो. सूर्य मावळला की फोडणं थांबतं आणि ओझोन वाढतो. दुय्यम थरात रात्री दशलक्षात दहा भागांच्या आसपास, दिवसा साधारण एक भाग. उजाडताना ही उतरण काही मिनिटांत होते. स्थानिक वेळेप्रमाणे मांडलं की वक्र दिसत नाही, भिंत दिसते. भिंतीवर साइन लाटा बसवल्या की त्या भिंतीशी झगडताना ८ तासांची, ६ तासांची, वाटेल ती लाट निघते. त्यांत खालून चढून आलेली भरती किती आणि उन्हाचं नुसतं चालू-बंद होणं किती, हे ते गणित सांगू शकत नाही.

मी दोन आठवडे त्या लाटांची नावं ठेवत बसले होते. मग सगळं पुसलं आणि फक्त रात्र घेतली. दिवसाच्या मोजणीत आणखी एक अडचण असते. इतक्या विरळ हवेत रेणूंची टक्कर कमी, त्यामुळे ९.६ मायक्रॉनचं निघणारं तेज तापमानाशी सरळ बांधलेलं नसतं, आणि दिवसा उन्हाने चेतलेले रेणू त्यात वेगळीच भर घालतात. ती सगळी हिशेबात घ्यावी लागते. रात्र त्या मानाने साधी. फक्त मग चोवीस तासांची लाट काढायला हातात निम्माच दिवस उरतो, आणि निम्म्या दिवसातून २४ तासांचा आयाम सांगणं हा उद्धटपणा आहे. म्हणून ओझोनसाठी मी आयाम सांगायचंच सोडलं. तापमानासाठी पूर्ण दिवसाची भरती काढली. ओझोनसाठी रात्रीच्या तासांमागून तास कसे बदलतात तेवढंच मांडलं, आणि दोन्ही शेजारी ठेवले.

आणि इथे, अडीच वर्षांत पहिल्यांदा, गणिताच्या आधी हाताने उत्तर आलं.

रात्रीच्या ओझोनचा जमाखर्च सोपा आहे. जमा: ऑक्सिजन अणू अधिक ऑक्सिजन रेणू, तिसऱ्या कुणाच्या तरी धक्क्याने जोडलेले. खर्च: मुख्यतः हायड्रोजन अणू, जो ओझोनला फोडून हायड्रॉक्सिल बनवतो. हे हायड्रॉक्सिल चेतलेलं जन्मतं आणि ८७ किलोमीटरच्या आसपास मंद चमकतं. आकाश अगदी काळ्या रात्रीही पूर्ण काळं नसतं, त्याचं एक कारण हेच. १९५० मध्ये एडन माइनेल यांनी ही चमक ओळखली. आता तापमान १९० केल्विनवरून १७० वर आणा, बाकी काही हलवू नका. जमा होण्याचा वेग ३० टक्क्यांनी वाढतो, कारण ती क्रिया थंडीत जोर धरते. खर्चाचा वेग २५ टक्क्यांनी घटतो, कारण ती क्रिया थंडीत मंदावते. एका बाजूने तीस वर, दुसऱ्या बाजूने पंचवीस खाली, म्हणजे ओझोन पावणेदोन पट. हवा गार झाल्यावर दाटते, ते धरलं तर जवळजवळ दुप्पट. आणि २० केल्विनचा फरक तिथे भरती दर रात्री घडवते.

म्हणजे या उंचीवर ओझोन लाटेवर तरंगणारं लाकूड नाही. लाट त्याला वाहून नेत नाही, जागच्या जागी नव्याने घडवते. सेबरच्या आकड्यांतही तेच दिसलं. विषुववृत्ताजवळ ९५ किलोमीटरच्या आसपास, विषुवदिनांच्या सुमारास, जिथे भरतीने हवा सगळ्यात गार केलेली असते तिथेच रात्रीचा ओझोन सगळ्यात उंच. तापमान वर तर ओझोन खाली, आरशातल्यासारखं. हे निरीक्षण माझं नव्हे, आधीच्यांनी नोंदवलेलं आहे. पण आपल्या हाताने काढलेल्या दोन वक्रांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली बघण्याची मजा वेगळी.

दहा किलोमीटर खाली उतरलं की मामला बदलतो. ८० ते ८५ किलोमीटरच्या दरम्यान ऑक्सिजन अणूंचा साठा उंचीबरोबर कड्यासारखा चढतो. वर मुबलक, खाली रात्री जवळजवळ काही नाही. भरती हवेला खाली दाबते तेव्हा दाबल्याने हवा तापते आणि सोबत वरून ऑक्सिजन अणूंची रास उतरते. तापणं ओझोन कमी करू पाहतं, रास वाढवू पाहते. इथे रास जिंकते. रसायन आणि वाहतूक यांची ही ओढाताण जिथे बरोबरीत येते त्या पट्ट्यात माझ्या चित्रात नुसता गोंधळ होता. तिथे तिरप्या रेघा मारून ठेवल्या आणि खाली लिहिलं, "इथे चिन्ह ठरवता येत नाही." परीक्षकांपैकी एकाने त्या रेघांबद्दल तासभर विचारलं. बाकी अध्यायांवर पाच प्रश्न.

मध्येच एक वाट चुकून सापडलेली गोष्ट. तापमानाच्या भरतीत, शंभर किलोमीटरच्या वर, विषुववृत्ताभोवती रेखांशाप्रमाणे चार उंचवटे दिसायला लागले. मला पुन्हा खोट्या आकाशाची शंका आली आणि आठवडाभर दोष शोधत राहिले. दोष नव्हता. उष्ण कटिबंधातल्या गडगडाटी ढगांत वाफेचं पाणी होताना जी उष्णता सुटते ती भूखंड आणि समुद्र यांच्या मांडणीमुळे सगळीकडे सारखी नसते, आणि त्यातून सूर्याच्या मागे न जाता उलट पूर्वेकडे धावणारी २४ तासांची एक लाट उठते, पृथ्वीभोवती तीन उंचवट्यांची. स्थानिक वेळेच्या चष्म्यातून बघितलं की ती चार उंचवट्यांची दिसते. २००६ मध्ये हेच चार उंचवटे आयनांबराच्या, म्हणजे आणखी वरच्या विद्युतभारित थराच्या, तेजात दिसल्याचं प्रसिद्ध झालं होतं. खालच्या पावसाचा ठसा अवकाशाच्या उंबऱ्यावर. माझ्या कामाचा तो भाग नव्हता, त्यामुळे एका परिच्छेदात उरकला. अजून चुटपुट आहे.

प्रबंध झाला. शेवटच्या चित्रांत त्रुटीच्या रेघा पहिल्या पानापेक्षा कितीतरी लांब आहेत आणि ठिपके विस्कटलेले आहेत. मॅडमनी ते चित्र हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, "हं, आता हवेसारखं दिसतंय."

मागच्या महिन्यात दुसऱ्या एका उपकरणाचा डेटा हाती आला. फाइलीची घडण वेगळी, कक्षा वेगळी, घड्याळ वेगळं. रिकाम्या जागी यावेळी −९९९ नाही, दुसराच आकडा आहे. तो आधी शोधला. मग "खोटं आकाश" नावाचं ते जुनं फोल्डर उघडलं, त्यात नव्या कक्षेच्या वेळा भरल्या, ऋतू चालू केला, भरती बंद ठेवली आणि प्रोग्राम सोडला. चार टक्क्यांची लाट आली. या वेळी १२ तासांची नाही, २४ तासांची. या उपग्रहाच्या दोन वाटा एकमेकींपासून १२ तासांवर नाहीत. वही काढली आणि पुन्हा चौकटी आखायला बसले.